दारावरचं रीथ आठवड्यात का झडतं, आणि सीझनभर टिकेल असं कसं करायचं

तुम्ही विचारलंय की हाताने दोन रीथ केली, दोन्ही पहिल्या दिवशी मस्त दिसत होती, आणि आठवडा होतोय तोवर पानं वळली, फुलांनी माना टाकल्या, मधूनमधून वायर दिसायला लागली आणि एक तर गोल राहिलंच नाही, अंड्यासारखं लांबट झालं. आणि महागडी हत्यारं न घेता पूर्ण सीझन टिकेल असं घरी कसं करायचं. मी गेली सोळा वर्षं हे काम करते, शिकवते पण, आणि हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. (मराठीत याला पुष्पचक्र म्हणता येईल, पण तो शब्द ऐकला की श्रद्धांजलीच आठवते, त्यामुळे आम्ही सगळे रीथच म्हणतो.)

आधी मुद्द्याचं. तुमच्या हातात काही खोट नाही. तुम्ही ते रीथ ज्या दिवशी बांधलं त्या दिवशी कसं दिसेल एवढंच बघून बांधलंत, आणि ते तीन आठवड्यांनी वाळल्यावर कसं असेल हे बघून बांधायचं असतं. ताज्या पानात निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच असतं. ते उडून गेलं की पान आक्रसतं, देठ बारीक होतो, आणि तुम्ही त्या देठाभोवती मारलेला वायरचा वेढा मात्र आहे तेवढाच राहतो. म्हणजे गाठ सुटलेली नसते, आतला माल बारीक झालेला असतो. मग जुडी सरकते, फूल खाली लोंबतं, आणि दोन जुड्यांमध्ये फट पडून बेस, म्हणजे ज्यावर सगळं बांधतो ते आतलं कडं, दिसतो. तुम्ही सांगितलेल्या तक्रारींपैकी गोल बिघडणं सोडलं तर बाकी सगळ्या या एका गोष्टीतून येतात. आता खाली जे जे सांगते ते सगळं याच हिशोबाने वाचा.

बेसपासून सुरू करू. माझी पहिली पसंती कायम वेलीच्या बेसला, द्राक्षाची वेल असो नाहीतर कुठलीही लवचिक, लाकडी होत आलेली वेल. छाटल्या छाटल्या वळवली तर छान वळते, वाळली असेल तर कोमट पाण्यात तीन-चार तास बुडवून ठेवा, परत नरम पडते. पानं काढून टाकायची पण ते स्प्रिंगसारखे वळलेले तणावे ठेवायचे, फार सुंदर दिसतात आणि माल अडकवायला पण कामाला येतात. एक गोल करून धरायचा, त्यावरून तीन-चार वेढे घ्यायचे आणि शेवटचं टोक आतबाहेर, आतबाहेर असं पीळ देत नेऊन खोचायचं, चुंबळ करतात ना साधारण तसंच. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, हा बेस लगेच वापरायचा नाही. सपाट जागेवर ठेवून वर एखादा जड ताट किंवा लाकडी पाट ठेवा आणि किमान आठवडाभर वाळू द्या. ओली वेल वाळताना मूळच्या वळणाकडे जायला बघते, तेव्हा ती मोकळी लटकवली की खाली ओढली जाते आणि लांबट होते. तुमचं जे अंड्यासारखं झालं ते याने झालं असणार, किंवा मग बेस एकपदरी पातळ तारेचा असेल. तारेचा बेस घ्यायचा तर एकाच कड्याचा घेऊ नका, दोन कड्या आणि मध्ये आडव्या पट्ट्या असलेला घ्या, तो एका खिळ्यावर टांगला तरी वजनाने वाकत नाही.

बेस काहीही असू शकतो हं, त्यात घाबरायचं कारण नाही. १८३९ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये योहान विखर्न यांनी आपल्या आश्रमातल्या मुलांसाठी मेणबत्त्या लावलेलं मोठं चक्र केलं, अ‍ॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळच्या आधीच्या आठवड्यांतल्या, रीथची सुरुवात तिथून धरतात, आणि त्याला बेस म्हणून वापरलं होतं बैलगाडीला असतं तसं लाकडी चाक. भरतकामाची लाकडी रिंग, जाड पुठ्ठ्याचं दुहेरी कडं, सायकलची जुनी रिम, काहीही चालतं, फक्त ते वाकता कामा नये आणि त्याच्या भोवती वायर फिरवता आली पाहिजे.

एक बेस मात्र मी वापरत नाही, तो म्हणजे हिरवा फ्लोरल फोम. सोपा असतो मान्य आहे, पाण्यात भिजवला की फुलं खोचा, झालं. पण तो फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचं प्लास्टिक आहे, कुजत नाही, आणि चुरा होऊन सिंकमधून थेट पाण्यात जातो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या सगळ्या फ्लॉवर शोमधून तो बंद केला. शिवाय सीझनभर टिकणाऱ्या सुक्या कामाला त्याची गरजच नसते.

आता माल, इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण अर्धं काम इथेच जिंकता येतं. फूल सुंदर आहे म्हणून निवडू नका, वाळल्यावर काय होतं ते बघून निवडा. काही फुलं झाडावर असतानाच जवळजवळ कोरडी असतात. हेलिक्रायसम म्हणजे ज्याला स्ट्रॉफ्लॉवर म्हणतात ते बोटाने दाबून बघा, कागदासारखा कुरकुर आवाज येतो. त्याच्या ज्या पाकळ्या वाटतात त्या खरं तर पाकळ्या नसतातच, फुलाभोवतीची कडक, कोरडी पानं असतात, म्हणून ती कोमेजत नाहीत. गोंफ्रेनाचे ते गोल गोंडे तसेच. स्टॅटिसमध्ये जांभळा रंग असतो तो फुलाच्या बाहेरच्या कागदी भागाला, आतलं पांढरं इवलंसं फूल गळून गेलं तरी रंग जागेवर राहतो. हायड्रेंजिया पण टिकतो, पण तो ताजा टवटवीत असताना तोडला तर चुरगळून जातो, झाडावरच थोडा जुना होऊ द्यायचा आणि हाताला कागदी लागायला लागला की तोडायचा. याउलट गुलाब, शेवंती, जरबेरा ही पाण्याने भरलेली फुलं, ती थेट रीथवर लावली की तिसऱ्या दिवशी मान टाकणारच. गुलाब वापरायचाच असेल तर आधी पूर्ण सुकवून घ्या आणि मगच लावा.

स्ट्रॉफ्लॉवरबद्दल एक खास सांगते कारण यात नव्वद टक्के लोक फसलेले मी बघितलेत. ते पूर्ण उमललेलं तोडायचं नाही. तोडल्यावर पण ते उमलत राहतं, आणि पूर्ण फुललेलं तोडलं तर वाळता वाळता पाकळ्या मागे दुमडून जातात, मधला पिवळा भाग फुगून वर येतो आणि भुसा सांडायला लागतो. बाहेरच्या दोन-तीन ओळीच उघडल्यात, मधलं अजून मिटलेलं आहे, तेव्हा तोडा. त्याचा देठ वाळला की मानेशी कमजोर होतो, म्हणून ताजं असतानाच खालून एक बारीक वायर फुलात खुपसून ठेवा, फूल वाळताना आक्रसतं आणि वायरला आपोआप घट्ट धरतं. बघा, तेच आक्रसणं जे तुमच्या जुड्या सैल करत होतं ते इथे आपल्या कामाला आलं.

सुकवायची साधी पद्धत म्हणजे पाच-सात देठांच्या छोट्या जुड्या, रबरबँड लावून, उलट्या टांगायच्या. दोरा नको, रबरबँडच, कारण देठ बारीक होतात तसा तो पण आवळत जातो. जागा अंधारी, कोरडी आणि वारा खेळता असलेली. अंधार का तर उजेडाने रंग उडतो, सुकायच्या काळात तर जास्तच. दोन ते तीन आठवडे लागतात, देठ वाकवल्यावर कट्कन मोडला की समजायचं झालं. गुलाबासारखं फूल आकारासकट हवं असेल तर सिलिका जेलमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांमध्ये, डबा बंद करून ठेवा, तीन ते सात दिवसांत होतं, फुलावर अवलंबून. हिरव्या पानांना मात्र मी ग्लिसरीन वापरते, एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग गरम पाणी, एकत्र नीट ढवळून, त्यात फांद्यांचे देठ आठ-दहा सेंमी बुडवून ठेवायचे. देठाचं टोक तिरकं कापून थोडं चिरायचं म्हणजे नीट पितात. निलगिरीला दोन-तीन आठवडे लागतात, पान हळूहळू काळपट-तपकिरी हिरवं होतं आणि हाताला चामड्यासारखं मऊ लागतं, ते नंतर कधी कुरकुरीत होऊन तुटत नाही. पण हे फक्त ताज्या, पूर्ण वाढलेल्या पानांवर चालतं, वाळलेली फांदी पाणी पीतच नाही आणि अगदी कोवळे शेंडे माना टाकतात.

गव्हाच्या ओंब्या, गवताच्या लोंब्या पूर्ण पिकायच्या जरा आधी कापा, नाहीतर दाणे झडत राहतात. कापसाची बोंडं, बडिशेपेचे वाळलेले तुरे, खसखशीची बोंडं, ही काहीच मागत नाहीत, तशीच लावा. संत्र्याच्या चकत्या हव्या असतील तर पाच-सहा मिमी जाडीच्या कापून, कपड्याने पाणी टिपून, ओव्हनमध्ये ९०-१०० डिग्रीला तीन-चार तास, मधेमधे उलटवत. पिवळ्या-केशरी राहिल्या पाहिजेत, तपकिरी व्हायला लागल्या की तापमान जास्त आहे. आणि हवा दमट असते त्या दिवसांत चकत्या लावूच नका, परत पाणी ओढतात, चिकट होतात आणि बुरशी धरते.

पाइनचे कोन, म्हणजे चीडच्या झाडाची लाकडी, खवल्यांची बोंडं, हा वेगळा विषय. सुरुवातीच्या काळात मी एकीसाठी मोठं रीथ केलं होतं, तीस एक कोन, सगळे ग्लू गनने बसवलेले, रात्री एकदम भक्कम, आणि सकाळी तिचा फोन की अर्धे कोन खाली पडलेत. झालं असं होतं की कोन पावसात भिजलेले गोळा केले होते, भिजला की कोन मिटतो आणि वाळला की खवले उघडतात, मेलेला कोनसुद्धा हे करतो. मी मिटलेले चिकटवले, घरातल्या कोरड्या हवेत रात्रभरात ते उघडले आणि त्यांनी स्वतःच स्वतःला ग्लूवरून उचकटून काढलं. तेव्हापासून कोन आधी ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये १०० डिग्रीला अर्धा तास, समोर उभं राहून, कारण त्यात राळ असते आणि ती पेट घेऊ शकते. पूर्ण उघडतात, आतले किडे मरतात, वास पण छान सुटतो. आणि कोन ग्लूने नाही लावायचा, खालच्या खवल्यांच्या ओळीतून वायर फिरवून पीळ द्यायचा आणि त्या वायरच्या दोन टोकांनी बेसला बांधायचा.

आता बांधणी. हत्यारं म्हणाल तर झाडं कापायची कात्री, एक पक्कड आणि रिळावरची बारीक फ्लोरल वायर, बस. वायर २२ किंवा २४ गेज घ्या, गेजचा आकडा वाढला की वायर बारीक होते हे लक्षात ठेवा, २२ म्हणजे साधारण ०.६ मिमी, कोनासारख्या जड वस्तूंना ती, बाकी पानाफुलांना २४. वायरचे तुकडे करून एकेक जुडी वेगळी बांधू नका, प्रत्येक तुकड्याची गाठ म्हणजे सैल व्हायची एक जागा. रीळ सुरुवातीला एकदा बेसला बांधायचं आणि शेवटपर्यंत न कापता पुढे पुढे जायचं.

जुडी किती मोठी? साधारण १२ ते १५ सेंमी, पाच ते सात काड्या, पाठीमागे लांब आणि पसरट पान, मध्ये भरीव काहीतरी, पुढे आखूड देठाचं फूल. सगळ्या जुड्या आधी करून टेबलावर ओळीने मांडून ठेवा, हे मी अगदी आग्रहाने सांगते, कारण एकेक करत बांधलं की सुरुवातीच्या जाड होतात आणि शेवटी माल संपतो. हिशोब असा, ३० सेंमीचा बेस असेल तर त्याचा घेर साधारण ९४ सेंमी, आणि प्रत्येक जुडी आधीच्या जुडीच्या पुढे पाचेक सेंमी सरकते, म्हणजे एकोणीस-वीस जुड्या लागतात. माल ताजा किंवा अर्धा ओला असेल तर पाच ऐवजी तीनच सेंमी सरका, म्हणजे तीस-बत्तीस जुड्या. डोळ्याला तेव्हा ते फार दाट वाटेल, वाटू दे, वाळल्यावर बरोब्बर होईल.

पहिली जुडी ठेवली, देठांवरून वायरचे तीन वेढे, प्रत्येक वेढा ओढून, इतका की वायर देठात थोडी रुतलेली दिसली पाहिजे. दुसरी जुडी पहिलीच्या देठांवर, तिचे शेंडे पहिलीची वायर झाकतील अशी. एक जुडी आत झुकवायची, एक मध्ये, एक बाहेर, असं फिरत राहायचं म्हणजे आतली बाजू उघडी पडत नाही. दिशा एकच ठेवायची, मधेच उलटी केली की केसात भांग पाडल्यासारखं दिसतं. शेवटची जुडी बसवायला त्रास होतो सगळ्यांनाच, तिथे पहिल्या जुडीचे शेंडे हाताने वर उचलून धरा, शेवटचे देठ त्याखाली सारा, बांधा, आणि मग शेंडे सोडा. जोड कुठे होता ते नंतर तुम्हालाच सापडणार नाही. मग रीथ उलटं करून मागच्या बाजूला वायरला पाच-सहा पीळ देऊन टोक बेसमध्ये खोचून टाका, बाहेर राहिलं तर दाराला ओरखडे पडतात आणि बोटाला लागतं.

फुलं ताजी असतील आणि थांबायला वेळ नसेल तर निदान दोन दिवस सावलीत कोमेजू द्या, मग बांधा. तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

सगळं वर्तुळ भरलंच पाहिजे असं नाही. वेलीचा बेस सुंदर असेल तर एक तृतीयांश भाग भरा, बाकी वेल उघडी ठेवा, घड्याळात सात वाजतात साधारण त्या बाजूला भर जास्त आणि दोन्हीकडे निमुळतं होत गेलेलं. माल कमी लागतो, वजन कमी होतं, मला स्वतःला हेच जास्त आवडतं.

ग्लू गन शेवटी, हलक्या वस्तूंनाच, चार फुलं, चकत्या वगैरे. कमी तापमानाच्या गनचा ग्लू साधारण १२० डिग्रीला वितळतो, त्याच्या खूप आधी तो मऊ पडायला लागतो, त्यामुळे दुपारचं ऊन थेट येणारं दार असेल तर चिकटवलेलं हळूहळू सरकतं. बाहेर काच आणि आत लाकडी दार अशी रचना असेल तर मधली हवा भट्टीसारखी तापते, तिथे सगळंच वायरने. उन्हाने रंगही जातो, लाल आणि गुलाबी लवकर, पिवळे-केशरी त्यामानाने बरेच टिकतात, म्हणून उन्हाच्या दारासाठी पिवळा, बिस्किटी, तपकिरी असा माल निवडा आणि लाल-गुलाबी घरातल्या भिंतीसाठी ठेवा.

घरात लहान मुलं किंवा मांजर-कुत्रा असेल तर हे नक्की वाचा. गुंजा दिसायला इतक्या सुंदर की हात जातोच, पण आतलं विष जीवघेणं असतं, अख्खी बी गिळली तर कडक सालीमुळे बहुतेक वेळा तशीच बाहेर पडते पण चावली गेली किंवा वायर घालायला भोक पाडलेली असली तर फार धोका. मी रीथमध्ये गुंज लावत नाही. कण्हेरीच्या फांद्या पण नाहीत, वाळल्यावरही विषारीच राहतात. आणि सुक्या रीथमध्ये किंवा त्याच्या जवळ खरी मेणबत्ती कधीच नाही, ते सरपणच असतं, बॅटरीवरची एलईडी माळ गुंडाळा.

सीझन बदलला की अख्खं रीथ मोडायचं नाही. वेल आणि ग्लिसरीनची पानं दोन-तीन वर्षं सहज जातात, वरची फुलं आणि बोंडं वायरच्या काडीवर खोचलेली ठेवलीत तर ती उपसून दुसरी खोचा, पंधरा मिनिटांचं काम. ठेवताना आधी हेअर ड्रायरच्या थंड हवेने धूळ काढा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोन-तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा म्हणजे किडे आणि अंडी मरतात, बाहेर काढलं की पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या नाहीतर फुलांवर पाणी जमतं, आणि मग कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात. रीथ सपाट ठेवायचं, वर काही नाही.

आणि ते लांबट झालेलं रीथ टाकून देऊ नका. वेलीचं असेल तर माल उतरवून घ्या, बेस कोमट पाण्यात रात्रभर बुडवा, सकाळी एखाद्या पालथ्या घातलेल्या बादलीवर किंवा पातेल्यावर चढवून सुतळीने आवळा आणि तसंच आठवडाभर वाळू द्या. तारेचं असेल तर त्याच बादलीवर हाताने दाबून गोल करा आणि आतून दुसरं कडं चार ठिकाणी बांधून टाका. उतरवलेल्या मालातली जी पानं अजून धड आहेत ती आता पूर्ण वाळलेली आहेत, म्हणजे पुढे आक्रसायची नाहीत, त्याच पानांच्या नव्या दाट जुड्या करा आणि यावेळी वायर रुतेपर्यंत ओढा.